पिवळी रेघ नसलेला पत्रा

दोनच सीटची गाडी घरात येतेय म्हटल्यावर बायकोने पहिला प्रश्न काय विचारावा? "दुसरी सीट कोणाची?" मी तोच विचारला. आमचे हे तेव्हा शेडमध्ये खोक्यांच्या पट्ट्या कापत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आधी पहिली तर बसू दे." आता हे काय उत्तर झालं? "तुझीच गं, आणखी कोणाची," एवढं म्हणायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं? माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली, आणि ती पुढे कितीतरी महिने गप्प बसली नाही.

यांचं सगळं आयुष्य बस डेपोत गेलं, तेही जमिनीखाली. बसच्या पोटाखाली उभं राहून काम करायला एक लांब खड्डा असतो, त्या खड्ड्यात. ब्रेक फिटर. डेपोत यांना कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे 'पिवळ्या' म्हणत. कारण असं की नट कसून झाला, हलवून पाहिला, पुन्हा एकदा हात लावून पाहिला, की हे बारीक ब्रशने नटावरून खालच्या लोखंडावर एक पिवळी रेघ ओढायचे. नट जरा जरी सैल झाला तर रेघ मोडलेली दिसते. पुष्कळ फिटर अशी रेघ ओढतात म्हणे, पण यांचं जरा जास्तच होतं. दुसऱ्याने कसलेल्या नटाला हे जन्मात रेघ लावायचे नाहीत, आणि तो ब्रश दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. गाडी बाहेर काढायच्या आधी ड्रायव्हर खाली वाकून पिवळं दिसतंय का बघायचे आणि मगच गाडीत चढायचे.

ही खोड घरीही आली. कुकरच्या दांड्याचा स्क्रू पिवळा, पलंगाचे पाय पिवळे, माझ्या शिलाई मशीनचे नट पिवळे. "माझ्या कपाळाला तेवढी लावली नाही, माझ्याबद्दल यांची खात्री अजून पटायची असेल," असं मी माझ्या नणंदेला म्हणायचे. नणंद यांच्याहून मोठी, मागच्याच गल्लीत राहते, आणि हसायला लागली की तिला आवरता आवरत नाही.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. उसवायचं, आत घ्यायचं, बाहेर सोडायचं. कपडे पोचवायला आमची जुनी गाडी मीच चालवते. हे शेजारी बसले की पायाने गाडीची जमीन दाबत बसणार, जसा काही तिथेही ब्रेक आहे. माझ्या ड्रायव्हिंगला कधी पिवळी रेघ मिळाली नाही.

तर निवृत्तीनंतर यांनी ही खोक्यातली गाडी मागवली. सांगाडा एका खोक्यात, फायबरची बॉडी दुसऱ्यात, इंजिन एका मोडीत निघालेल्या गाडीचं. सगळं आपण जोडायचं, मग सरकारी तपासनीस येऊन बघणार, आणि त्याने होकार दिला की नंबर मिळणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बस दुरुस्त केल्या, आता एक गाडी पहिल्या नटापासून आपली हवी, असं यांचं म्हणणं. यात काही वावगं नव्हतं. मला खुपत होती ती दुसरी सीट.

काम छान पुढे सरकत होतं. मग पाळी आली चाकांच्या कमानीतल्या पत्र्यांची. पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल आत इंजिनवर आणि बसणाऱ्याच्या पायांवर येऊ नये म्हणून चाकाच्या मागे एक आडवा पत्रा बसवावा लागतो. तो खोक्यात आला नव्हता. ज्याचा त्याने बनवायचा. हे माझ्याकडे येऊन म्हणाले, "तुझा तो खाकी कागद दे जरा."

तो माझा कपडे बेतायचा कागद. मीही गेले मदतीला. कमानीत कागद धरायचा, कडेने बोट फिरवायचं, जास्तीचा कापायचा, पुन्हा धरायचा. बाहीचा कागद बेततात तसंच आहे सगळं. मग कागदावरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापायचा, शिकंज्यात धरून कडा वाकवायच्या, कडेला रबर लावायचं, भोकं पाडायची आणि बोल्टने बॉडीला आवळायचा. शेवटी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. चाक कितीही वळलं तरी टायर आणि पत्रा यांच्यात बोट गेलं पाहिजे. उजवीकडचा पत्रा बसला तेव्हा मी स्वतः बोट घालून पाहिलं. एकही भोक रेषेबाहेर नाही. हे खूष होते. सगळ्या बोल्टना पिवळं लावलं आणि मला म्हणाले, "डावीकडचा मी करतो. तू दुकानाचं बघ."

म्हणजे मला बाहेर काढलं की नाही? आणि डावी बाजू म्हणजे कोणती? दुसऱ्या सीटची.

चार दिवसांनी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर हे नव्हते. म्हटलं, बघू तरी डावीकडचं काम कुठवर आलंय. खाली बसले, आणि बघतच राहिले. पत्र्याची कड एकीकडे कमानीत घुसलेली, दुसरीकडे करंगळी जाईल एवढी फट. भोकं वरखाली. एक भोक चुकलं म्हणून शेजारी दुसरं पाडलेलं. चाक फिरवलं तर टायर पत्र्याला घासत होता. आणि कोणत्याही बोल्टवर पिवळी रेघ नव्हती!

आता माझं काम काय, तर शिवण ओळखणं. पॅन्टची एक शिवण धरून मी सांगते, इथपर्यंत एकाने शिवलंय, इथून पुढे दुसऱ्याने. माणूस दमला तरी त्याचा हात बदलत नाही, टाका सैल होईल पण चाल तीच राहते. चाल बदलली म्हणजे माणूस बदलला. माझ्या धंद्यात हे कधी चुकलेलं नाही. आणि यांच्या हातची वाकडी भोकं मी लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती. म्हणजे हे काम दुसऱ्याचं. शिवाय यांनी त्याला रेघ लावली नव्हती, म्हणजे दुसऱ्याचं हे यांनाही कबूल होतं. आता मला सांगा, स्वतःच्या गाडीला कोणाला हात लावू न देणारा माणूस कोणाला तरी शेजारी बसवून, हातात ड्रिल देऊन, वाकडी भोकं पाडू देतोय आणि वर हूं की चूं करत नाही. असे लाड पुरुष कोणाचे करतो?

मी नणंदेकडे गेले.

"अगं, काय बोलतेस काय!" तिने भाजी चिरायची सुरी खाली ठेवली. "त्याच्यावर भाळणार कोण? अंगाला कायम ग्रीसचा वास."

"ताई, हसू नका. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत असेल तर नळाचं असेल. तो बाईशी बोलणार तरी काय? नट किती फेरे आवळलास, असं विचारणार?" आणि लागली हसायला. हसता हसता डोळे पुसून म्हणाली, "तू आपली सरळ विचार त्याला."

सरळ विचारून हे सरळ सांगणार होते थोडेच! मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला लागले. आणि लक्ष ठेवलं की दिसतंच हो. शेडमध्ये अचानक दोन दिवे आले. आधीचा छताला होताच, आता एक लवचिक मानेचा, चाकाजवळ. एकट्या माणसाला दोन दिवे कशाला? जुनी गाडी हे आताशा अजिबात चालवत नव्हते, कुठे जायचं तर पायी. आणि जायचे तेही दुपारी, मी दुकानात असताना, स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून. विचारलं तर "बोल्ट आणायला." बोल्ट आणायला केस कोण विंचरतो? जेवायला बसले की माझ्याकडे सरळ बघायचे नाहीत, आधी मान वळवायचे, मग बघायचे, चोरासारखे. एकदा मी पाण्याचा पेला यांच्या उजव्या हाताशी ठेवला तर धक्का लागून सांडला, आणि माझ्यावरच ओरडले, "सांगून ठेवत जा!" ज्याच्या मनात काही नाही तो पेल्यावरून ओरडत नाही.

आणि मग ते झालं. मी चौकात सिग्नलला गाडी थांबवून उभी होते. समोरून रस्ता ओलांडत आले आमचे हे. आणि यांच्या कोपराला धरून एक बाई. माझ्याहून तरुण, हिरवी ओढणी, हातात पिशवी. यांना हळूच काहीतरी सांगत होती आणि हे मान डोलवत होते. मी काच खाली केली, हात हलवला. गाडी आमची, हात माझा, अंतर दहा पावलांचं. हे माझ्या तोंडासमोरून गेले आणि त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मी तिथेच थिजून बसले होते. इतकी वर्षं ज्याच्यासोबत काढली, ज्याच्या तापात रात्री जागले, मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं, तो माणूस भर रस्त्यात मला न ओळखता गेला. त्या रात्री मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. दुखत डोकं नव्हतं.

मी पण काही कच्ची नाही. ठरवलं, बोलायचं नाही, पकडायचं. दोघांना एकत्र, शेडमध्येच.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाते म्हणून निघाले, नणंदेच्या घरी गाडी लावली, आणि दुपारी मागच्या गल्लीतून चालत आले. शेडला मागून एक छोटं दार आहे. चपला हातात घेणार होते, पण म्हटलं कशाला? चोर मी आहे का? पंखा घरघरत होता, त्यात पावलांचा आवाज तसाही ऐकू आला नसता. मी दार ढकललं आणि आत शिरले.

आत हे एकटेच. डाव्या चाकासमोर बुटक्या स्टुलावर बसलेले, तोंड गाडीकडे. चाक काढून ठेवलेलं. दोन्ही दिवे चालू. ती आलेली नव्हती तर. मी यांच्या उजव्या बाजूला, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता बघतील, दचकतील, मग विचारीन. हातांची घडी घातली आणि वाट बघू लागले.

हे बघेनात.

आधी वाटलं, बघा, काय मुरलेला माणूस आहे! बायको येऊन उभी आहे, आणि आपला ढिम्म. मी जरा आणखी पुढे सरकले. हे पत्र्यावर वाकले होते, इतके की नाक पत्र्याला टेकलं असतं. ड्रिलचं टोक खुणेवर टेकवलं, ते घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. मग यांनी ड्रिल खाली ठेवलं, अंगठ्याने ती खूण चाचपली, अंगठा तिथेच ठेवला आणि त्याच्या नखाला लावून ड्रिल धरलं. भोक पडलं. वाकडं पडलं. "छ्याः," एवढंच म्हणाले.

ती दुसरी व्यक्ती, जिचा हात मी ओळखला होता, ती दुसरी कोणी नव्हतीच. हेच होते.

मला तेव्हाही नीट कळलं नाही. मी नुसती उभी. मग बोल्टची डबी घ्यायला यांनी उजवा हात मागे नेला. डबी माझ्या पायाजवळ होती, लखलखीत उजेडात. हात जमिनीवरून चाचपत, अर्धवर्तुळ काढत, हळूहळू आला आणि माझ्या चपलेवर पडला. बोटं थबकली. चपलेचा पट्टा चाचपला. आणि हे एकदम ताठ झाले.

"कोण? कोण आहे?"

जो प्रश्न मी विचारायला आले होते तो यांनी मला विचारला. यांनी मान पार वळवली, अख्खी, खांद्यापर्यंत, आणि मग डाव्या डोळ्याने मला पाहिलं.

"तू होय," म्हणाले.

"मी मघापासून इथे उभी आहे."

"हं."

"तुम्हाला दिसले नाही?"

यांनी ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळून झाली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "काचबिंदू आहे. उजवा गेल्यात जमा. त्या बाजूचं काहीच नाही, मधलं धुरकट. डावा थेंबांवर धरून ठेवलाय डॉक्टरांनी. गेलंय ते परत यायचं नाही."

"केव्हापासून?"

"खोकी आली त्याच्या आदल्या आठवड्यात कळलं."

म्हणजे दुसरी सीट कोणाची असं मी विचारलं तेव्हा यांना माहीत होतं! मी तिथेच खाली बसले, आणि मग जो माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटला. रडले की ओरडले मला सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच झालं. "मला सांगायला काय झालं होतं? मी कोण परकी? त्या चौकात तुम्हाला धरून नेणारी ती बाई कोण?"

"कोणती बाई?"

"हिरव्या ओढणीची!"

"रंग कोणाला माहीत. दवाखान्यातून येत होतो, उजवीकडून येणाऱ्या गाड्या दिसत नाहीत, थांबलो होतो. ती म्हणाली, काका, चला. तिचं नाव पण विचारलं नाही मी."

कोणाचा साधा हातभार न घेणारा हा माणूस. रस्ता ओलांडायला अनोळखी बाईला कोपर दिलं आणि बायकोला नाही दिलं. मला त्या बाईचा जेवढा राग आला नव्हता तेवढा आता यांचा आला. तसं मी तोंडावर बोलले.

"सांगितलं असतं तर तू खोकी परत पाठवली असतीस," हे म्हणाले.

"पाठवलीच असती!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि चालवणार कोण होतं ही गाडी? डॉक्टर काय म्हणाले?"

"चालवायची नाही म्हणाले." यांनी पत्र्यावर हात ठेवला. "मला नुसती पुरी करायची होती. पण हे जमेना. उजवीकडे बसलं की चाकामागचा पत्रा डाव्या हाताला येतो, तिथलं दिसतं. इकडे बसलं की तो उजव्या हाताला येतो. तीनदा बनवला. ज्याची खात्री नाही त्याला पिवळं कसं लावू?"

एवढं बोलून यांनी तोंड फिरवलं. मी यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, कारण मी पाहू नये म्हणून हे पंख्याकडे बघत होते.

मी उठले, चहा केला, आम्ही दोघांनी तो शेडमध्येच प्यायला. मग मी तो वाकडा पत्रा काढायला लावला आणि उजवीकडचा खाकी कागद मागितला.

"तो उजवीचा आहे," हे म्हणाले.

"एका बाहीवरून दुसरी बाही कशी बेततात? उलटा करून ठेवायचा. आणि कड दुसऱ्या बाजूला दुमडायची, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात." हे मी कोणाला शिकवत होते, तर पिवळ्याला. पण यांनी निमूट ऐकलं. कागद मी धरला, खुणा मी केल्या, कापायचं मी केलं. कडा मात्र यांनीच वाकवल्या, बोटांनी चाचपत, आणि त्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. भोकं पाडताना ड्रिल माझ्या हातात आणि माझ्या हातावर यांचा हात. "दाबू नकोस, त्याला त्याचं जाऊ दे," कानाशी पुटपुटत होते. चाक चढवलं, स्टिअरिंग फिरवलं, सगळीकडे बोट गेलं.

"आता पिवळं?" मी विचारलं.

"आधी पाण्यातून जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पान्याचा आवाज आला म्हणून मी गेले तर हे गाडीत अर्धे आडवे. ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट काढून सीट पुढे सरकवली होती. आमच्यात मी बुटकी. "बस," म्हणाले. मी बसले. पाय पेडलला बरोबर पोचले. बोल्ट यांनी हाताने चाचपून कसले, त्यांना पिवळं लावलं, आणि मग बॉनेटला हात लावत लावत, गाडीला वळसा घालून, डाव्या बाजूने आले आणि दुसऱ्या सीटवर बसले.

मी काही विचारलं नाही. माझं उत्तर शेजारी बसलं होतं.

तपासनीस आला, खाली वाकून बराच वेळ बघत राहिला आणि होकार देऊन गेला. नंबर लागला त्या दिवशी मी गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी फुटलेल्या पाइपचं भलं मोठं डबकं कायमच साचलेलं असतं. हे म्हणाले, "त्यातून घे." मी घेतली. डाव्या चाकाने असं पाणी उडवलं की कोपऱ्यावर उभी असलेली नणंद किंचाळली. हे शेजारी जमीन दाबत होतेच. मी कडेला थांबले. यांनी खाली वाकून आपल्या पायांजवळचा गालिचा तळव्याने चाचपला, एकदा, मग पुन्हा एकदा.

"कोरडं आहे," म्हणाले. आणि खिशातून पिवळ्या रंगाची बाटली आणि तो ब्रश काढून माझ्यापुढे धरला. "लाव."

तो ब्रश आजवर मी हातात धरला नव्हता. चाकापाशी बसले, आत हात घातला. डोळे भरून आले होते, नीट दिसत नव्हतं, खोटं कशाला सांगू? नटावरून पत्र्यावर रेघ ओढली ती नागमोडी गेली. हे माझ्या शेजारी बसले, मान पुरी वळवून, डावा डोळा पार जवळ नेऊन त्यांनी ती रेघ तपासली.

"हात बदललाय," म्हणाले. "कळतं."

आणि ती पुसली नाही.